भू-अवनतीच्या जोखमीचे मापन : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक परीक्षण

कोरडवाहू प्रदेशातील जमिनीची अवनती मोजण्याच्या व तिची भावी जोखीम वर्तविण्याच्या ज्या पद्धती गेल्या साठ वर्षांत रूढ झाल्या, त्यांचा उपयोग आता आपल्या विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रबंधांतही सर्रास होऊ लागला आहे. उपग्रहचित्रे सुलभ झाली, भौगोलिक माहितीच्या थरांची बेरीज-गुणाकार करणारी संगणकीय साधने हाती आली, आणि एखाद्या तालुक्याचा वा जिल्ह्याचा रंगीत नकाशा काही आठवड्यांत तयार करणे शक्य झाले. ही प्रगती स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु नकाशा तयार होणे आणि जमिनीचे निदान होणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत लेखात या पद्धतींपैकी तीन प्रमुख पद्धतींचे परीक्षण करावयाचे असून, त्यासाठी कसोटी म्हणून बुलढाणा जिल्हा घेतला आहे. हा जिल्हा निवडण्याचे कारण असे की, येथे जमिनीच्या अवनतीचे दोन पूर्णतः वेगळे प्रकार एकाच प्रशासकीय सीमेत शेजारी शेजारी नांदतात. जी पद्धती या दोहोंना एकाच मापाने मोजू पाहील, तिचे गुणदोष येथे आपोआप उघडे पडतात.

१. जिल्ह्याची दोन अंगे

बुलढाणा जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेनऊ हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. वऱ्हाडाचे पायनघाट व बालाघाट असे जुने विभाग सर्वश्रुत आहेत. जिल्ह्यातील लोक हाच भेद ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’ या शब्दांनी व्यक्त करतात. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे जाणाऱ्या प्रवाशास हा भेद कोणी समजावून सांगावा लागत नाही. अजिंठ्याच्या रांगेचा कडा ओलांडला की माती, पाणी व शेती या तिन्ही गोष्टी बदलतात.

घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे तालुके येतात. येथील पाणी पैनगंगा व खडकपूर्णा यांच्या वाटे गोदावरीच्या खोऱ्यात जाऊन अखेर बंगालच्या उपसागरास मिळते. भूप्रदेश उंचसखल असून, माथ्यावर मुरमाड व बरड, उतारावर मध्यम आणि सखल भागात भारी काळी, असा मातीचा क्रम ठिकठिकाणी आढळतो. घाटाखाली मात्र नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या उत्तरेस पूर्णेला मिळतात आणि हे पाणी तापीवाटे अरबी समुद्रास जाते. पूर्णेच्या दोन्ही तीरांस जाड गाळाचा सपाट प्रदेश पसरला असून, त्याच्या उत्तरेस सातपुड्याचा पायथा लागतो. याच सपाटीत शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतील अनेक गावे खारपाणपट्ट्यात मोडतात. हा पट्टा पुढे अकोला व अमरावती जिल्ह्यांतही पसरलेला आहे. तेथील भूजल खारे, आणि माती खोल, काळी, दिसावयास कसदार, परंतु पाणी खाली न जाऊ देणारी आहे.

दोन्ही भागांत पाऊस स्थूलमानाने ७०० ते ८५० मिलिमीटरांच्या दरम्यान पडतो. संभाव्य बाष्पोत्सर्जन त्याच्या दुपटीच्या आसपास असल्याने, पाऊस भागिले संभाव्य बाष्पोत्सर्जन हा जो शुष्कता-निर्देशांक संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने आपल्या १९९२ च्या जागतिक वाळवंटीकरण-नकाशासंग्रहात वापरला, त्यानुसार हा प्रदेश ०.२० ते ०.५० या अर्धशुष्क वर्गात पडतो. म्हणजे हवामानाच्या दृष्टीने घाटावरचे व घाटाखालचे गाव एकाच वर्गातील होय. भेद आहे तो मातीत आणि अवनतीच्या प्रक्रियेत. घाटावर माती वाहून जाते. घाटाखाली ती जागच्या जागी बिघडते. या एका वाक्यात पुढील सर्व विवेचनाचे बीज आहे.

२. स्थिती आणि जोखीम

पद्धतींकडे वळण्यापूर्वी एका शब्दघोटाळ्याचा निर्देश आवश्यक आहे. १९९४ च्या संयुक्त राष्ट्र करारात वाळवंटीकरणाची व्याख्या शुष्क, अर्धशुष्क व शुष्क-उपार्द्र प्रदेशांत हवामानातील फेरबदल, मानवी व्यवहार इत्यादी कारणांनी होणारी जमिनीची अवनती अशी केली आहे. वाळूचा या व्याख्येशी संबंध नाही. म्हणून बुलढाण्याच्या बाबतीत ‘वाळवंटीकरण’ हा शब्द ऐकताच जे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते ते दिशाभूल करणारे आहे. ‘भू-अवनती’ हाच शब्द येथे अधिक योग्य.

दुसरा घोटाळा अधिक गंभीर आहे. अहमदाबाद येथील अंतराळ उपयोजन केंद्राने प्रसिद्ध केलेले भू-अवनतीचे राष्ट्रीय नकाशासंग्रह हे या क्षेत्रातील मोठे कार्य आहे. २०१६ च्या संग्रहानुसार २०११-१३ या काळात देशाच्या एकूण क्षेत्रापैकी ९.६४ कोटी हेक्टर, म्हणजे २९.३२ टक्के, जमीन अवनत होती. २०२१ च्या संग्रहानुसार २०१८-१९ मध्ये हे प्रमाण २९.७७ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्राचे प्रमाण २०११-१३ मध्ये ४५ टक्क्यांच्या जवळ होते. परंतु हे आकडे अवनतीची स्थिती सांगतात, जोखीम नव्हे. आज बिघडलेली जमीन कोणती, हा एक प्रश्न. उद्या कोणती बिघडेल, हा दुसरा. जी बरड आधीच धुपून मुरूम उघडी पडली आहे तिची स्थिती वाईट असते, पण तिच्यापाशी गमावण्याजोगे फारसे उरलेले नसते. उलट, जी खोल काळी जमीन आज उत्तम पीक देते व जिच्यावर उद्या कालव्याचे पाणी यावयाचे आहे, तिची स्थिती चांगली आणि जोखीम मोठी असू शकते. अनेक प्रबंधांत स्थितीच्या नकाशालाच जोखमीचे नाव दिलेले असते किंवा जोखमीचा नकाशा स्थितीच्या नकाशाशी ताडून ‘सिद्ध’ केलेला असतो. दोहोंतही तर्काचा दोष आहे.

३. धुपेचे समीकरण

पहिली पद्धती म्हणजे विशमायर व स्मिथ यांचे सार्वत्रिक मृदाधूप-समीकरण. १९६५ मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेल्या व १९७८ मध्ये सुधारलेल्या या समीकरणात पावसाची धूपक्षमता, मातीची धूपशीलता, उताराची लांबी व तीव्रता, पिकाचे आच्छादन आणि संधारणाचे उपाय यांचा गुणाकार करून दर हेक्टरी दर वर्षी किती टन माती सुटेल याचा अंदाज बांधला जातो. भारतात ध्रुवनारायण व रामबाबू यांनी १९८३ मध्ये देशातील सरासरी मृदाधूप दर हेक्टरी १६.३५ टन असल्याचा जो अंदाज मांडला तो अद्याप वारंवार उद्धृत होतो. रामबाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाच्या धूपक्षमतेसाठी भारतीय आकड्यांवरून बसविलेले सूत्र (वार्षिक पावसाच्या ०.३६३ पटीत ७९ मिळविणे) आपल्याकडील बहुतेक प्रबंध वापरतात.

घाटावरच्या प्रदेशासाठी हे समीकरण उपयुक्त आहे, हे मान्य केले पाहिजे. चिखली-मेहकरकडील उतारावर सोयाबीनच्या ओळी उताराच्या दिशेने पेरल्या तर काय होते आणि आडव्या पेरल्या तर काय होते, याचा अंदाज ते देऊ शकते. पण वरील सूत्राच्या मर्यादेकडे पाहावे. ८०० मिलिमीटर पावसास ते ३६९ हा आकडा देते व ७०० मिलिमीटरांस ३३३. हा पाऊस चार महिन्यांत रिमझिम पडला की तीन दिवसांत कोसळला, याचे सूत्रास सोयरसुतक नाही. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी होऊन सातपुड्यातून उतरलेल्या पुराने शेतेच्या शेते खरडून नेली. ही हानी ज्या भागात झाली त्याचा बराच अंश पायथ्याच्या सपाटीत आहे. समीकरण चादरी व ओघळी धुपेपुरतेच रचलेले असल्याने नदी-नाल्यांच्या पुराने खरडली जाणारी जमीन त्याच्या कक्षेबाहेर राहते. आणि उताराचा गुणक सपाटीत अत्यल्प असल्याने तोच भाग नकाशावर निर्धोक रंगात रंगविला जातो.

येथे समीकरणाच्या कर्त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपल्या सूत्राची मर्यादा स्पष्ट सांगितली होती. दोष आहे तो ‘धुपेची जोखीम कमी’ या निष्कर्षाचे ‘अवनतीची जोखीम कमी’ असे भाषांतर करणाऱ्यांचा.

४. चार गुणांकांची सरासरी

हा दोष टाळण्यासाठी अनेक घटक एकत्र घेणारी दुसरी पद्धती पुढे आली. युरोपीय संघाच्या ‘मेडालस’ प्रकल्पात कोस्मास व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत मृदा, हवामान, वनस्पती व व्यवस्थापन असे चार गुणांक काढून त्यांचा भूमितीय मध्य घेतात. १ म्हणजे उत्तम, आणि आकडा वाढेल तशी अवस्था वाईट. अंतिम निर्देशांक १.३७ च्या वर गेला की क्षेत्र ‘संकटग्रस्त’, आणि १.२३ ते १.३७ असेल तर ‘नाजूक’ ठरते. ग्रीसमधील लेस्बॉस बेट, इटलीतील आग्री खोरे, पोर्तुगालमधील आलेन्तेजो या भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशांत ती तपासली गेली. पुढे ती जगभर पसरली, आणि सोपेपणामुळे आपल्याकडेही लोकप्रिय झाली.

तिच्या मूळ मांडणीतील मृदागुणांक पोत, मूळ खडक, पृष्ठावरील दगड, खोली, उतार व निचरा या सहा बाबींवरून काढतात. पूर्णाकाठच्या एखाद्या खोल, चोपण शेतास ही मोजपट्टी लावून पाहू. बेसाल्टजन्य गाळ म्हणून मूळ खडकास १, खोली ७५ सेंटिमीटरांहून अधिक म्हणून १, उतार नाही म्हणून १, चिकण पोतास १.६, वाईट निचऱ्यास २, आणि दगड नाहीत म्हणून २. यांचा सहावा मूळ काढला तर मृदागुणांक १.३६ येतो, म्हणजे ‘मध्यम’ प्रत. ज्या सोडियममुळे ती जमीन बिघडली त्याचा या यादीत उल्लेखच नाही. निचऱ्याच्या बाबीत तो अप्रत्यक्ष डोकावतो इतकेच. याहून नवल म्हणजे, त्या शेतात दगड नाहीत या कारणासाठी त्याला जितका दंड झाला, तितकाच पाणी न मुरण्यासाठी झाला. भूमध्य प्रदेशात पृष्ठावरील दगड ओल टिकवितात व थेंबांचा मारा अडवितात, म्हणून तेथे दगडांस चांगले गुण मिळणे समजण्याजोगे आहे. परंतु घाटावरच्या बरडात वर आलेले दगड हे माती निघून गेल्याचे लक्षण होय. तेच लक्षण येथे गुण मिळवून देते.

आता सरासरीचा दोष पाहू. समजा, एका क्षेत्राचा मृदागुणांक २.० आहे व उरलेले तिन्ही १.१ आहेत, दुसऱ्या क्षेत्राचे चारही गुणांक १.२८ आहेत. पहिल्याचा भूमितीय मध्य १.२८ च्या जवळच येतो. दोन्ही क्षेत्रे एकाच ‘नाजूक’ रंगात रंगतील. पहिल्यात माती निकामी झाली आहे व दुसऱ्यात सर्व काही मध्यम आहे, हा भेद नकाशा पाहणाऱ्यास कळणार नाही. पिकाच्या बाबतीत आपण जाणतो की, सर्व अन्नद्रव्ये मुबलक असूनही एकाची उणीव उत्पादन अडवून धरते. जमिनीच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे. ज्या शेतात पाणी मुरत नाही तेथे हवामान अनुकूल असून काय उपयोग?

५. ‘एक बिघडले तर सर्व बिघडले’

शाश्वत विकास उद्दिष्टांतील १५.३.१ या निर्देशकासाठी सुचविलेली तिसरी पद्धती वरील आक्षेपास उत्तर देते असे वाटते. तीत भू-आच्छादन, भू-उत्पादकता व मृदेतील सेंद्रिय कर्ब या तिहींपैकी एकही घसरला तरी क्षेत्र अवनत मानले जाते. तत्त्व योग्य आहे, पण माहितीची वाट पाहावी. स्थानिक मोजणी नसल्यास सेंद्रिय कर्बातील बदल भू-आच्छादनाच्या बदलावरून ठरवितात. पूर्णेचे खोरे गेले शतकभर शेतीखाली आहे व आजही शेतीखाली आहे. म्हणून आच्छादन बदलले नाही, आणि आच्छादन बदलले नाही म्हणून कर्बही बदलला नाही, असा निष्कर्ष निघतो. तीन साक्षीदारांपैकी दोघांची साक्ष एकाच तोंडून होते. उरतो तो उपग्रहातून दिसणारा हिरवेपणा. पण पाऊस बरा झालेल्या वर्षी शेत हिरवे दिसते, ज्वारीच्या जागी सोयाबीन आले तर हिरवेपणाचा काळ बदलतो, आणि खाऱ्या पाण्यावर ओलीत केलेले पीकही काही वर्षे हिरवेच दिसते. अशा शेताची जोखीम वाढत असताना निर्देशक सुधारणा नोंदवील.

६. घाटाखालची प्रक्रिया

घाटाखाली खरोखर काय घडते, याचा शोध नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि-उपयोग नियोजन संस्थेतील संशोधकांनी घेतला आहे. बालपांडे, देशपांडे व पाल यांनी १९९६ मध्ये पूर्णा खोऱ्यातील काळ्या मातीच्या अवनतीवर जे लिहिले ते या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचले पाहिजे. अर्धशुष्क हवामानात मातीत चुनखडीचे कण साचतात. कॅल्शियम असे बांधले गेले की मातीच्या कणांभोवती सोडियमचे प्रमाण वाढते, कण विखुरतात, आणि पाण्याच्या वाटा बुजतात. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेच्या १९५४ च्या पुस्तिकेने विनिमयशील सोडियमची १५ टक्के ही मर्यादा रूढ केली. परंतु पूर्णेच्या मातीत ५ टक्क्यांच्या आसपासच पाण्याची वाट अडू लागते. म्हणजे आयात मर्यादा लावली तर बिघडलेली जमीन निरोगी ठरते. कडू व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मध्य भारताच्या अर्धशुष्क भागासाठी मातीची संपृक्त जलवाहकता हाच कापसासारख्या खोल मुळांच्या पिकांस जमीन योग्य की अयोग्य हे ठरविण्याचा निकष सुचविला, तो याच कारणाने.

वैद्य व पाल यांचे २००२ चे कार्य नकाशाकारांसाठी विशेष बोधप्रद आहे. अमरावती जिल्ह्यातील पेढी नदीच्या पाणलोटात त्यांना असे आढळले की, सपाट दिसणाऱ्या प्रदेशातही किंचित उंच जागी माती सोडियमयुक्त झाली आहे व शेजारच्या किंचित सखल जागी ती चांगली आहे. उंचीतील हा फरक अवघ्या काही मीटरांचा. १:५,००,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. आणि सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या उपग्रहीय उंची-आकड्यांतील चूक स्वतःच अनेक मीटरांची असते. जो भेद शेतकरी पावसाळ्यात शेतात पाय टाकताच ओळखतो व ‘चोपण’ या एका शब्दात सांगतो, तो भेद या नकाशांच्या चाळणीतून गळून जातो.

७. चुकीच्या नकाशाचे मोल

कोणी म्हणेल की, नकाशे काही प्रमाणात स्थूल असणारच. त्यांतून एवढे काय बिघडते? बिघडते ते असे. नकाशावर रंग एक झाला की उपायही एक होतो. घाटावरच्या उतारास समपातळी बांध व चर हितकारक आहेत. तोच बांध घाटाखालच्या भारी काळ्या जमिनीत घातला तर त्यामागे पाणी तुंबते, पीक पिवळे पडते आणि मोठ्या पावसात बांध फुटून नुकसान वाढते. तेथे जिप्सम, हिरवळीचे खत, सरी-वरंबे व निचऱ्याच्या चरांची गरज असते. हे सर्व आपल्या कृषिखात्यास अपरिचित आहे असे नव्हे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळप्रवण गावांबरोबर पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातील गावे वेगळी ओळखली गेली, ही योग्य दिशा होय. आपले विद्यापीठीय नकाशेच या भेदाच्या मागे राहिले आहेत.

त्याहून मोठा प्रश्न भविष्याचा आहे. नांदुरा तालुक्यातील जिगाव येथे पूर्णेवर दीर्घकाळ रखडत आलेला मोठा सिंचनप्रकल्प या सपाटीस पाणी देण्यासाठी आहे. पाण्याची तेथील गरज खरी आहे. खाऱ्या विहिरींच्या गावांस गोड पाण्याचे मोल कोणी शिकवावयास नको. परंतु ज्या मातीत पाणी खाली जात नाही, तीत निचऱ्याची सोय न करता पाणी सोडले तर काय होते, याचा धडा महाराष्ट्राने एकदा गिरविला आहे. नीरा खोऱ्यात कालव्याचे पाणी आल्यावर खारवट झालेल्या जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मॅन व ताम्हाणे यांनी १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. जोखमीच्या नकाशाचे खरे काम अशा वेळी असते : कोणत्या गावच्या कोणत्या शिवारात पाणी देण्यापूर्वी निचरा करावा, हे त्याने सांगितले पाहिजे. उतार, पाऊस व हिरवेपणा यांच्या बेरजेतून हे उत्तर निघणे शक्य नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून अभ्यासकांपुढे चार सूचना ठेवाव्याशा वाटतात. पहिली, जोखीम कशाची हा प्रश्न आधी विचारावा. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याचा एक नकाशा न करता धुपेचा एक व सोडियमीकरणाचा एक, असे दोन नकाशे करावेत व ते एकमेकांत मिसळू नयेत. दुसरी, घटकांची सरासरी काढण्याऐवजी सर्वांत दुबळ्या घटकास निर्णायक मानावे. तिसरी, परदेशी मोजपट्ट्यांतील गुण तसेच न उचलता स्थानिक मातीवर तपासून घ्यावेत. दगडांचे गुण व सोडियमची मर्यादा ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत. चौथी, नकाशाची परीक्षा दुसऱ्या नकाशाशी ताडून न करता जमिनीशी ताडून करावी. घाटावर यासाठी साधन तयार आहे : लहान-मोठ्या तलावांतून गाळ काढण्याची कामे जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झाली आहेत, व तलाव किती वर्षांत किती भरला याचा हिशेब धुपेच्या समीकरणास कसोटीवर घासू शकेल. घाटाखाली त्यासाठी खड्डा खणून, मीटरभर खोलीपर्यंतची माती घेऊन तिची जलवाहकता मोजावी लागेल. हे काम संथ, खर्चाचे व चिखलाचे आहे, आणि त्यातून रंगीत नकाशा लवकर निघत नाही. तथापि घाटाखालच्या जमिनीबद्दल काही सांगण्याचा अधिकार त्याच कामाने मिळतो.